बाथचा पाऊस, माहूरची झड

झड उघडली की आमच्या आळीत आधी ओले कपडे बाहेर येतात आणि त्यांच्या मागोमाग बातम्या. काकूंच्या आणि आमच्या अंगणामधली भिंत कमरेएवढी. सासऱ्यांच्या काळात हद्दीच्या भांडणापायी बांधलेली. आता तिच्यावर अलीकडून माझी कोपरं टेकलेली असतात आणि पलीकडून काकूंचं सूप. सुपात कधी सोलायचा लसूण, कधी निवडायची भाजी. त्या दिवशी अंबाडी होती.

"गेल्या का ग तुझ्या मैत्रिणी?"

"गेल्या. किनवटला नंदीग्राम एक्सप्रेसमध्ये बसवून आले."

"पाहिलं बरं मी. एवढ्या झडीत चौघी निघाल्या. ती गुलाबी रेनकोटवाली तर कोपऱ्यावरच घसरली. मी इथूनच म्हटलं, बसली बाई ही."

"ती परभणीची. ती घसरत नाही काकू, बसतेच. दम लागला की बसते आणि घसरले म्हणते. डीएडला होतो तेव्हापासूनची सवय आहे."

काकू हसल्या, अंबाडीचं एक देठ मोडलं आणि म्हणाल्या, "आम्ही बाथला गेलो तवा बी असाच पाऊस होता."

हे वाक्य येणार हे मला ठाऊकच होतं. काकू लेकाकडं इंग्लंडला राहून आल्या तेव्हापासून आळीतली कुठलीही गोष्ट बाथवरून गेल्याशिवाय घरी पोचत नाही. डाळीचा भाव काढा, बाथच्या हॉटेलात वरणाएवढ्या सुपाला काय पडले ते निघतं. गुडघ्याचं काढा, तर तिथल्या दगडी फरशीचं.

"असाच म्हणजे? तिकडं झड लागते?"

"झड कुठली! त्या पावसाला धड पडायचं बी कळत नाही आन थांबायचं बी. दिवसभर नुसता भुरभुरायलाय. खिडकीतून बघावं तर उघडलंय, बाहेर पडावं तर तोंडावर तुषार. छत्री उघडली की वाऱ्यानं उलटी, मिटली की आपण ओलं. मग सूनबाईनं तिचं जर्किन दिलं. काठाची साडी, वर जर्किन, पायात लेकाचे बूट."

"फोटो पाहिला की."

"कोणी दाखवला?"

"सूनबाईंनीच स्टेटसला ठेवला होता."

"ठेवू दे. तिच्या मैत्रिणी म्हणल्या, काकू, तुम्हीच इथल्या राणीबाई दिसायल्या." काकूंनी पदर सारखा केला. "तिच्या मैत्रिणी लई गुणाच्या बरं. एक सांगलीची, एक बेळगावची, एक नागपूरची. त्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळात ओळख झालेली. ते मंडळ काय आजकालचं नाही, १९३२ चं हाय म्हणे. रझाकार यायच्या आधीचं! तर पॅडिंग्टनहून गाडीत बसलो, दीडेक तासात बाथ. तेवढ्यात त्यांनी धपाटे आन दही काढलं. सांगलीची म्हणते, काकू, हळू वास येऊ द्या. वास काय आपल्या हातात ऱ्हातो का?"

त्यांच्या बाथमध्ये काय आहे हे आता आळीतल्या पोराटोरांनाही पाठ आहे. तरी मी विचारलं. विचारलं नाही तर मला माहुरातलं सांगू देणार नाहीत, हा आमचा अलिखित व्यवहार आहे.

बाथमध्ये रोमन लोकांनी बांधलेली न्हाणीघरं आहेत. दोन हजार वर्षं होत आली त्यांना. जमिनीतून ऊन पाण्याचा झरा येतो, ४६ अंशांचा, रोज ११ लाख लिटरांच्या वर. ते पाणी म्हणजे जवळच्या मेंडिप नावाच्या टेकड्यांवर हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस. तो खोल भुईत मुरला, तिथं तापला आणि भेगांतून वर आला. हे सगळं काकूंना एका डब्यातून कळलं. तिकिटाबरोबर तो डबा देतात, कानाला लावायचा, दगडापुढं उभं राहून नंबर दाबला की तो दगड बोलू लागतो. बोलतो मात्र इंग्रजीत. म्हणून डबा सुनेच्या कानाला आणि सून काकूंच्या.

"म्हणजे बघ," काकू म्हणाल्या, "डोक्यावर आजचा पाऊस, थंडगार. आन समोर कुंडातून कधीच्या काळचा पाऊस वाफा सोडायलाय. मी त्या सांगलीच्या पोरीला म्हटलं, इकडचा पाऊस मुरलेला बरा."

"उनकेश्वरला तरी काय आहे मग?" मी म्हटलं. "आपल्या किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठाला. ऊन पाण्याचा झरा, महादेवाचं देऊळ, यादवांच्या काळातला शिलालेख. रामानं बाण मारला आणि शरभंग ऋषींसाठी ऊन पाणी काढलं म्हणतात."

"उनकेश्वर कुठं, बाथ कुठं!"

"उनकेश्वरला अंघोळ करू देतात काकू. तुमच्या बाथला बोट तरी बुडवू दिलं का?"

इथं त्यांचा जरा विरस झाला. त्या मोठ्या कुंडाला पूर्वी छत होतं, ते पडलं. उजेड लागतो म्हणून पाण्याला शेवाळ धरतं आणि पाणी हिरवंगार दिसतं. त्यात उतरायला बंदी.

"तेच तर!" काकू उसळल्या. "आपल्या टाकीत शेवाळ धरलं तर तुझे काका दोन दिवस घर डोक्यावर घेतात. आन तिथं तिकीट काढून, रांग लावून, शेवाळच बघायलेत. पण खालचं काम बघावं बाई. तळाला शिशाचे पत्रे घातलेत, रोमन लोकांनी घातलेले, ते आजून पाणी धरतात. आपला गच्चीचा गिलावा केला त्याला दोन पावसाळे झाले नाहीत."

गिलाव्याचा विषय काढला की तो ठेकेदार येतो, त्याचा मेहुणा येतो आणि दुपार जाते, म्हणून मी घाईनं म्हटलं, "आणि त्या चिठ्ठ्या? त्या सांगा ना."

चिठ्ठ्यांची गोष्ट मात्र मला खरोखर आवडते. त्या झऱ्यावर सुलिस नावाच्या देवीचं ठाणं होतं. रोमन आले, त्यांनी तिला आपल्या मिनर्व्हा देवीशी जोडून टाकलं. लोक त्या झऱ्यात तिच्या नावानं तक्रारी टाकत. शिशाचा पातळ पत्रा घ्यायचा, त्यावर टोच्यानं अक्षरं ओढायची, गुंडाळी करायची आणि द्यायची पाण्यात सोडून. अशा १३० च्या आसपास चिठ्ठ्या सापडल्यात. युद्ध, राज्य, खजिना, असलं त्यात काही नाही. कोणाचा अंघोळीच्या वेळचा कपडा गेला, कोणाचे हातमोजे, कोणाची थोडीशी नाणी. बहुतेक सगळ्या चोऱ्या. काही अक्षरं तर मुद्दाम उलटी लिहिलेली. चोर कोण ते माहीत नसतं, म्हणून बाई असो की बाप्या, गुलाम असो की मोकळा, कोणी सुटू नये अशी चोख भाषा. ज्यांच्यावर संशय त्यांची नावं लिहून दिलेलीही आहेत. २०१४ मध्ये युनेस्कोनं या चिठ्ठ्यांना मानाच्या यादीत घेतलं, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांवरच्या संशयाला जगाच्या वारशात जागा मिळाली.

"एका माणसाचं तर घोंगडं गेलं होतं," काकू म्हणाल्या. "टोपीचं घोंगडं, पावसात घ्यायचं. डोसिलियानस का काय नाव. त्यानं देवीला लिहून दिलं, ज्यानं नेलं त्याला झोप देऊ नको, लेकरू देऊ नको, जवर तो माझं घोंगडं तुझ्या देवळात आणून ठेवत नाही तवर. एका घोंगड्यापायी निर्वंश! मी सूनबाईला म्हटलं, हा माणूस आपल्या मराठवाड्यातलाच असायला पायजे."

"काकू, नांदेडवालीची छत्री गेली."

काकूंचा हात सुपातच थांबला. "कुठं गेली?"

"शिखरावरून उतरताना एका टपरीवर चहा घेतला. छत्र्या बाहेर टेकवून ठेवल्या होत्या. भजे येईपर्यंत होती, भजे खाऊन उठलो तर तिच्या जागी दुसरीच. काडी मोडलेली."

"कसली होती?"

"जांभळी. कडेनं झालर."

"झालरीची छत्री माहुरात लपत नाही," काकू म्हणाल्या. "टपरीवर कोण कोण होतं?"

मी आठवत होते तोवर काकूंनी डोळे बारीक करून आळीतल्या दोन घरांकडं पाहून घेतलं. नावं मी इथं लिहीत नाही. बाथच्या लोकांनी लिहिली, ती दीड-पावणेदोन हजार वर्षांनी काचेत लागली.

"बरं, पण तुम्ही गेला तरी कुठं कुठं? देवी, दत्त, अनसूया, झालं ना?"

तीन शिखरं म्हणजे माहूर, हा सगळ्यांचा हिशेब. रेणुकेला नारळ, दत्ताला धूप, अनसूयेला ओटी, खाली येऊन जेवण आणि एसटी. लोक रात्री आपापल्या गावी परततात आणि माहूर पाहिलं म्हणतात. माझ्या तिघींना मी बजावलं होतं की या वेळी मी सांगेन तसं फिरायचं. लातूरवाली कॉलेजात इतिहास शिकवायची, तिला आनंद झाला. नांदेडवालीनं विचारलं, माकडं असतात का. परभणीवालीनं विचारलं, जेवायचं कुठं.

"आधी पांडवलेणं बघितलं," मी म्हटलं.

"पावसात लेणं?"

"पावसातच बघावं. वरून कड्याचं पाणी तोंडावर पडदा धरून उतरतं, तो पडदा फोडून आत जायचं. आत गेलं की कोरडं. बाहेरचा आवाज एकदम लांब जातो. जाड खांब, आत महादेव. लातूरवालीनं सांगितलं, पांडवांचा इथं काही संबंध नाही, हे राष्ट्रकूटांच्या काळातलं काम. तर परभणीवाली म्हणते, मग पांडव कुठं राहिले? हिचं आपलं एकच, राहायची आणि जेवायची सोय."

"वटवाघळं?"

"होती की. म्हणून नांदेडवाली दारातच. माकडं बाहेर, वटवाघळं आत, ती मधल्या पाण्यात."

काकू इतक्या हसल्या की अंबाडीची दोन पानं आमच्या बाजूला पडली. त्यांची थोरली जाऊ आतून ओरडली, काय झालं. काही नाही, म्हणाल्या, मास्तरीणबाई इतिहास सांगायली.

"मग वर गेलो. रेणुकेच्या पायऱ्यांवरून पाण्याचा लोंढा. आपण वर, पाणी खाली. चप्पल हातात. लिफ्ट आणि स्कायवॉक होणार म्हणतात, होईल तेव्हा होईल, पण पावसात त्या पायऱ्या चढायची गंमत निराळी. गर्दी नाही. एरवी नवरात्रात खासगी गाड्या बंद, एसटीला लोंबकळून माणसं येतात. त्या दिवशी गाभाऱ्यापुढं आम्ही निवांत उभ्या राहिलो. देवीचा तांदळा, मुखच फक्त, शेंदरानं भरलेलं. साडेतीन पीठांतलं पूर्ण पीठ आणि आत चार बायका, त्यातली एक नाक शिंकरणारी."

"परभणीवाली."

"नांदेडवाली. दारात भिजली ना."

तांबुलाचं मी काकूंना सांगायची गरज नव्हती, पण मैत्रिणींना तेच जास्त भावलं. उतरताना एका दुकानात बाई खलबत्ता घेऊन बसली होती. पुढ्यात ओल्या फडक्यात विड्याची पानं. देठ खुडायचं, पानं दुमडून खलात टाकायची, कात, चुना, बडीशेप, सुपारी, मग बत्त्याचे घाव. आधी पानाचा करकरीत आवाज येतो, मग ओलसर, मग आवाजच मुका होतो आणि कडेला तांबूस रस सुटतो. रस सुटला की ती बाई बोटानं चिमूटभर उचलून आधी आपल्या गालात धरते. चुना कमीजास्त झाला का ते तिला तिथंच कळतं. आईला विडा लागतोच, आणि कुटलेला असल्यामुळं दात नसलेल्या म्हाताऱ्याही प्रसाद मजेत घोळवतात. परभणीवालीनं चार पुड्या घेतल्या. त्यातली एक वानरानं नेली. पिशवीला हात न लावता, वरच्या वर, नांदेडवालीच्या खांद्यावर पाय देऊन.

"अगं बाई! मग?"

"मग काय, ती 'रेणुकामाते' म्हणून जी किंचाळली, पुजाऱ्यांना वाटलं अंगात आलं."

"बाथला माकडं नाहीत," काकू विचार करून म्हणाल्या. "सीगल हायेत. समुद्राचे पक्षी. हातातला पाव नेतात. बेळगावच्या पोरीचा नेला."

"झालं की मग बरोबरीत."

"कसं काय बरोबरीत? तिथं बाथला एका रांगेत ३० घरं हायेत, अर्ध्या चंद्रावानी वळवलेली. रॉयल क्रेसंट. अडीचशे वर्षांची. एका घराचा दगड दुसऱ्यापेक्षा वेगळा दिसंल तर शपथ. पुलावर दुकानं हायेत, पुलावर! आन ती गोष्टी लिहिणारी बाई, जेन ऑस्टिन. १८०१ पासून पाच-एक वर्षं राह्यली तिथं. सूनबाई म्हणली, तिच्या गोष्टीत कोणाचं कोणाशी जमलं, कोणाला इस्टेट किती, कोण कोणाकडं चहाला गेलं, एवढंच ऱ्हातं. मी म्हटलं, मग ती आपल्यातलीच की. आपण भिंतीवर बोलतो, तिनं लिहून काढलं."

यावर मला काही उत्तर सुचलं नाही. जेन ऑस्टिनबद्दल आमच्या एमएच्या बाईंनी तासभर सांगितलं होतं, त्यात एवढं नेमकं काही नव्हतं.

"माहुरातलं तुला सांगता येत असंल तर सांग असं काही," काकू म्हणाल्या. "कोणाचं कोणाशी, कोण कोणाकडं."

मी याचीच वाट पाहत होते.

"शहाजहान आपल्याकडं सामान टाकून गेला होता."

"कोण शहाजहान?"

"ताजमहालवाला. तेव्हा खुर्रम होता नुसता. बापाशी भांडण, जहांगीरशी. बंड केलं, हरला, मागं बादशाही फौज. १६२३ ची गोष्ट, भर पावसाळा. बुऱ्हाणपूरहून तापी ओलांडून बायको-लेकरांसकट दक्षिणेत उतरला. चिखलात माणसं सोडून गेली, जड सामान चालेना, हत्ती चालेनात. मग हत्ती आणि अवजड सामान माहूरच्या किल्ल्यावर ठेवलं, इथल्या उदारामांच्या हवाली केलं आणि आपण पुढं गोवळकोंड्याकडून ओडिशा-बंगालला गेला. पाच वर्षांनी तोच बादशहा झाला."

काकू बराच वेळ गप्प होत्या. असं सहसा होत नाही.

"म्हणजे मुमताज आली होती आपल्याकडं?"

"बायको-लेकरं बरोबर होती म्हणतात."

"भर पावसात, लेकरं घेऊन." त्या चुकचुकल्या. "सासऱ्याशी पटत नसलं की बाईचे असेच हाल. आन ते हत्ती? माघारी नेले का नाही?"

"ते लातूरवालीलाही विचारलं आम्ही. हत्ती दरवाजात उभ्या होतो. ती म्हणाली, पुस्तक बघून सांगते."

किल्ल्यावर आम्ही हत्ती दरवाजापासून वर गेलो तेव्हा पाऊस थांबून ढग उतरले होते. तटबंदी दहा पावलं दिसायची, मग नाही. बुरुजावर गवत कमरेएवढं. खाली पैनगंगेचं खोरं असायला हवं होतं, त्या जागी पांढरं. पैनगंगा तिथं नुसती नदी नाही, अलीकडं मराठवाडा आणि पलीकडं विदर्भ. ढग फाटला की एक क्षण यवतमाळ जिल्हा दिसायचा आणि परत जायचा. सागवानाच्या पानांवर पाऊस पडतो तो आवाज लातूरवालीला माहीत नव्हता. तिच्याकडं पाण्याची रेल्वे गेलेली, २०१६ ला, मिरजेहून. ती त्या तटावर उभी राहून नुसती ऐकत होती. इतिहासही थांबला होता तिचा, म्हणजे पाचेक मिनिटं तरी.

गोंडांचं राज्य होतं, बहामनींचं झालं, मोगलांचं, मग निजामाचं. ही यादी मी काकूंना सांगितली नाही. राजवटींत त्यांना रस नसतो, माणसांत असतो. म्हणून थेट रायबागनवर आले.

"काकू, रायबागन माहीत आहे?"

"वाघीण?"

"बाई. सावित्रीबाई. याच उदारामांच्या घराण्यातली, माहूरची देशमुखीण. घरातले पुरुष गेल्यावर घोड्यावर बसली, मोगलांकडून लढली आणि बादशहाकडून रायबागन ही पदवी मिळवली."

"मोगलांकडून? मग शिवाजी महाराजांच्या विरुद्ध?"

"ऐका तर. १६६१ साल. शाहिस्तेखानानं कारतलबखान म्हणून सरदार कोकणात पाठवला, रायबागन त्याच्या बरोबर. खान उंबरखिंडीतून निघाला, खोपोलीकडची ती खिंड. दोन्ही अंगांना डोंगर, मधे झाडी, वाट एवढीशी. महाराजांची माणसं वर दबा धरून. मोगली फौज आत शिरली आणि वरून दगड, बाण, गोळ्या. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना, प्यायला पाणी नाही. खान गांगरला. तेव्हा या बाईनं त्याला तोंडावर सुनावलं की इथं फौज आणलीस हीच चूक झाली, आता शरण जा, नाहीतर कोणी वाचत नाही. 'शिवभारता'त आहे ते सगळं. खानानं ऐकलं, सामान-खजिना टाकला, जीव वाचवला. महाराजांनी जाऊ दिलं सगळ्यांना."

काकूंचे डोळे चमकले. "म्हणजे आत शिरायच्या आधी विचारलं असतं तर?"

"तर खिंडीत शिरलेच नसते."

"पण विचारलं नाही."

"नाही."

"विचारत नसतात," काकू म्हणाल्या आणि ओसरीवर पेपर वाचणाऱ्या काकांकडं पाहिलं. गिलाव्याचा ठेकेदार काकांनी ठरवला होता.

मी म्हटलं, "आता तुमच्या बाथला अशी बाई असती तर?"

"तर तिचा पुतळा असता, तिच्या नावाचा डबा असता कानाला लावायचा, तिच्या नावाचा पाव असता. तिथं पावाला बी बाईचं नाव हाय, सॅली लन. गोड पाव, एवढा मोठा. लोक रांगेत. आपल्या किल्ल्यावर हाय का तिचं कुठं काही?"

"आम्हाला तरी दिसलं नाही. गवत फार होतं म्हणा."

मला स्वतःला किल्ल्यावर दोऱ्या, कठडे, रांगा नको आहेत. तसं झालं तर ढगात हरवता येणार नाही. पण एक पाटी, मराठीत, चार ओळींची, एवढं मागायला हरकत नसावी. गावात सरकारी संग्रहालय आहे, तिथं मूर्ती आहेत, शिल्पं आहेत, तिथंही माझ्या तिघी पहिल्यांदाच आल्या. नांदेडवालीला तिथं माकड नाही म्हणून सर्वांत जास्त आवडलं.

"दत्ताला गेला की नाही मग?"

"गेलो ना. शिखरावर धुकं असं की दत्तमहाराज खरंच झोपले असावेत. काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा, माहुराला निद्रा. परभणीवाली म्हणाली, मला यातली फक्त शेवटची दोन जमतील. खाली देवदेवेश्वरालाही गेलो, महानुभावांचं स्थान. आणि वझऱ्याला शेख फरीदचा धबधबा. तिथं तर पाणी इतकं होतं की बोललेलं ऐकू येईना, लातूरवालीचं व्याख्यान पहिल्यांदा वाया गेलं. सहस्रकुंड राहिलं. पैनगंगेला पूर होता, नको म्हणाले लोक."

"राखी पुनवेला परिक्रमा ऱ्हाते तवा यायला सांगायचं होतं त्यांना. अख्खा डोंगर चालतो."

"परभणीवाली बसेल."

"तिथं बसायला जागा नसती, चालावंच लागतं."

एवढ्यात पन्हाळीतून दोन थेंब पडले. काकूंनी वर पाहिलं, सूप पदराखाली घेतलं, पण जागच्या हलल्या नाहीत. मला अंदाज आला की खरं काहीतरी आता येतंय.

"मला काऊन नाही नेलं?"

"तुम्ही? काकू, तुमचे गुडघे..."

"बाथला चालले की हे गुडघे. त्याच बुटात आले असते."

"मग परत जाऊ. उघडीप बघून. हत्ती दरवाजापर्यंत तरी."

"चाळीस वर्षं झाली मला या गावात येऊन. देवीला जाते, खाली येते. तो दरवाजा लांबूनच पाहिलाय." मग लगेच आवाज बदलला. "पण आता नको. पाऊस हाय, निसरडं हाय. तू सांगितलं ना, कळलं मला. तुझे काका म्हणतात, तुला सांगितलं की पाहिल्यासारखंच होतं."

रात्री मी ताटं मांडत होते तर भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. व्हिडिओ कॉलवर इंग्लंड होतं. तिकडं दुपार असावी. सून, सांगलीची, बेळगावची, नागपूरची, सगळ्या एका पडद्यात असाव्यात, कारण काकू सभेत बोलतात त्या आवाजात बोलत होत्या.

"...हाव, मुमताजच. पावसात, लेकरं घेऊन. इथंच उतरली होती, किल्ल्यावर. आन ती रायबागन हाय ना, ती तर आमच्या आळीतलीच. नाही नाही, मागच्या आळीतली नाही, आमच्याच."

मी खिडकीतून खाकरले.

काकूंनी फोन बाजूला धरला. "काय ग? नव्हती का आपल्या आळीतली?"

"काकू, आळी तेव्हा नव्हतीच."

"मग कोणत्या आळीत होती ते तुझ्या लातूरवालीला ठाऊक हाय का?"

"नाही."

"मग झालं तर," काकू म्हणाल्या आणि परत फोनकडं वळल्या. "हां, कुठं होते मी? तर त्या खानानं तिला विचारलंच नाही... आन हे बघा पोरींनो, तुमच्या ओळखीत कोणाकडं जांभळी छत्री, झालरीची, आली का नवीन? नाही, इकडचीच गेली. पण विचारून ठेवलेलं बरं."